दिव्याखालचं नाव

'टिफनी लॅम्प' हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याची नक्कल नक्की पाहिली असेल. एखाद्या कॅफेत टेबलाच्या वर टांगलेली रंगीबेरंगी तुकड्यांची छत्री आणि आत पिवळा बल्ब. हात लावला की कळतं, तुकडे बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. या नकलेची नक्कल गेली शंभरेक वर्षं चालू आहे, त्यामुळे मूळ वस्तू काय होती हेच विसरायला झालंय.

मूळ वस्तू बघायची तर 'विस्टेरिया' दिवा बघावा. १९०१च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तो आकाराला आला. विस्टेरिया ही जपानी बागांची लाडकी वेल. आपल्याकडे उन्हाळ्यात बहावा फुलतो तेव्हा पिवळे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात ना, तसेच घोस, फक्त निळे-जांभळे. (दोन्ही झाडं शेंगांच्या एकाच कुळातली, हा योगायोग नाही.) दिव्याचा पाया म्हणजे कांस्याचं ओतीव खोड, मुळांसकट. वरच्या टोकाला त्याच कांस्याच्या गुंतलेल्या फांद्या. आणि त्या फांद्यांतून खाली ओघळणारे काचेच्या पाकळ्यांचे घोस. एका शेडमध्ये जवळपास दोन हजार तुकडे, त्यातले कितीतरी नखाएवढे. शेडची खालची कडा सरळ नाही, घोस जिथे संपतात तिथे ती संपते.

दिवा बंद असताना तो जरा बोजडच वाटतो. बटण दाबलं की झाड फुलतं.

हे 'बटण दाबणं' त्या काळात नवं होतं. एडिसनचा बल्ब १८७९चा, न्यूयॉर्कमधलं त्याचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र १८८२चं. त्याआधी दिवा म्हणजे तेल, वात आणि ज्योत. ज्योतीचे स्वतःचे नियम असतात. ती वरच जाते, तिला हवा लागते, धूर होतो, काच तापते. खाली रॉकेलची टाकी ठेवावीच लागते, म्हणून दिव्याचं पोट फुगीर. टिफनीच्या कारखान्यातले सुरुवातीचे बरेच दिवेही तेलाचेच होते आणि त्यांच्या पोटावरून ते ओळखू येतात. बल्ब आला आणि हे सगळे नियम एका झटक्यात गळून पडले. बल्ब उलटा टांगता येतो. त्याला टाकी लागत नाही, नुसती वायर पुरते. म्हणजे दिव्याचं बूड झाडाच्या खोडाइतकं सडपातळ करता येतं आणि प्रकाश वरून खाली, पाकळ्यांमधून झिरपवता येतो. विस्टेरियाचं खोड शक्य झालं ते विजेमुळे. वीज ही त्या काळातली सगळ्यात आधुनिक, सगळ्यात यांत्रिक गोष्ट, आणि तिच्यामुळेच दिव्याला झाड होता आलं, हे मला फार गमतीचं वाटतं.

दिव्यावर नाव कोरलेलं आहे: टिफनी स्टुडिओज, न्यूयॉर्क.

हा टिफनी म्हणजे लुई कम्फर्ट टिफनी. हिऱ्या-दागिन्यांच्या प्रसिद्ध दुकानाचे मालक चार्ल्स टिफनी यांचा मुलगा. बापाच्या धंद्यात न रमता तो चित्रकार झाला, मग घरं सजवू लागला, मग काचेच्या नादी लागला. १८७९च्या सुमारास त्याच्या सजावटीच्या धंद्यात लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचा भागीदार होता. हा गृहस्थ १८८१ साली भारतात आला आणि अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्यासोबत त्यानं लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सुतारांनी कोरलेल्या जाळ्या आणि कमानी न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या घरांत बसल्या. त्या घरांच्या इतिहासात डी फॉरेस्टचं नाव सापडतं, हठीसिंगांचं क्वचित, सुतारांचं नाही. हे विषयांतर वाटेल, पण पुढच्या गोष्टीचा साचा हाच आहे.

टिफनीची खरी कमाल काचेतली होती. चर्चच्या खिडक्यांसाठी तोवर साध्या काचेवर रंगानं चित्र काढून ती भाजण्याची पद्धत रूढ होती. टिफनीला रंग काचेच्या वर नको होता, आत हवा होता. वितळलेल्या काचेतच वेगवेगळे रंग मिसळायचे, ती ढवळायची, ओढायची, दुमडायची. तयार होणाऱ्या तक्त्यावर कुठे ढगासारखे डाग, कुठे पाण्याच्या लाटा, कुठे पोपटीतून निळ्यात विरघळणारा पट्टा. क्वीन्समधल्या कोरोना भागात त्याची भट्टी होती. या काचेला त्यानं 'फाव्रील' असं नाव देऊन १८९४मध्ये ते नोंदवून घेतलं.

असा तक्ता हातात आला की पुढचं काम म्हणजे बघणं. पाकळी कापायची आहे, तर ती या दोन फुटांच्या तक्त्यातल्या नेमक्या कुठल्या दोन इंचांतून? डाग पाकळीच्या देठाशी आला पाहिजे की टोकाशी? तक्ता उजेडासमोर धरायचा, साचा त्यावर सरकवत न्यायचा, थांबायचं, पुन्हा सरकवायचा. जागा ठरली की काच कापायची. मग प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी मेणानं चिकटवायची आणि लाकडी साच्यावर ते तुकडे एकमेकांना लावत जायचं. शेवटी सांध्यांवर सोल्डर. जुन्या खिडक्यांत शिशाच्या जाड पट्ट्या असत, त्यात नखाएवढा तुकडा बसवणं अवघड. तांब्याच्या पट्टीमुळे सांधा रेघेसारखा बारीक झाला आणि पाकळी पाकळीसारखी दिसू लागली.

सोल्डरिंग पुरुष करत. काच निवडणं, कापणं, पट्टी लावणं बायका करत. आणि यातल्या तीसेक दिव्यांची, त्यातही सगळ्यात प्रसिद्ध दिव्यांची, मूळ कल्पना आणि आरेखन एका बाईचं होतं. तिचं नाव क्लारा ड्रिस्कोल.

क्लारा पिअर्स वुलकॉट, जन्म १८६१, ओहायो राज्यातलं टॉलमॅज गाव. वडील लवकर गेले. घरात आई आणि बहिणी. क्लीव्हलँडमध्ये मुलींसाठी निघालेल्या आरेखनाच्या शाळेत ती शिकली आणि १८८८मध्ये न्यूयॉर्कला येऊन टिफनीकडे कामाला लागली. पुढच्याच वर्षी तिनं फ्रान्सिस ड्रिस्कोलशी लग्न केलं आणि नोकरी गेली. तिची चूक काही नव्हती. लग्न झालेल्या बाईला कामावर ठेवायचं नाही, हा तिथला नियमच होता. १८९२मध्ये नवरा वारला आणि ती परत आली. काही वर्षांनी पुन्हा लग्न ठरलं, पुन्हा नोकरी सोडली. तो होणारा नवरा एके दिवशी गायबच झाला. क्लारा परत कामावर. १९०९मध्ये एडवर्ड बूथशी लग्न झालं तेव्हा ती कायमची गेली. थोडक्यात, आज म्युझियममध्ये काचेच्या पेटीत ठेवलेले ते दिवे आपल्यापर्यंत आले, कारण मधल्या काळात तिचं कुणाशी लग्न टिकलं नाही.

आता यात एक अडचणीची गोष्ट आहे, आणि ती वगळली तर कथा फार गुळगुळीत होईल.

टिफनीनं बायकांचा विभाग काढला १८९२मध्ये. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी एक अख्खं चॅपल तयार करायचं होतं, आणि नेमका त्याच वेळी काच कारागिरांचा संप झाला. युनियन पुरुषांची, बायकांना तिच्यात प्रवेशच नव्हता. म्हणजे बायका संपावर जाऊ शकत नव्हत्या. टिफनीनं सहा बायका घेऊन क्लाराच्या हाताखाली विभाग सुरू केला, दोन वर्षांत त्या पस्तीस झाल्या. बायकांना रंगाची जाण उपजत जास्त असते, त्यांची बोटं नाजूक कामाला बरी, असं टिफनी म्हणे. त्याचा त्यावर विश्वास असेलही. पण दरवाजा उघडला तो संप मोडायला. युनियनच्या माणसाच्या जागी उभं राहून बघितलं तर ही पोरं-बाळं सांभाळणाऱ्या कामगाराच्या पोटावर आणलेली गदा होती. बाईच्या बाजूनं बघितलं तर ज्या युनियननं तिला दारातही उभं केलं नाही तिच्याशी तिनं निष्ठा का ठेवावी? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि मालकाला दोन्हींचा फायदा होता.

हा हिशेब १९०३मध्ये पुन्हा उघडला. बायका आता खिडक्या करत होत्या, दिवे करत होत्या, आणि चांगल्या करत होत्या. पुरुषांच्या युनियननं संपाची धमकी देऊन त्यांचं काम काढून घ्यायची मागणी केली. क्लारा लढली. तडजोड अशी झाली की विभाग राहील, पण त्यात सत्तावीसपेक्षा जास्त बायका कधीही असणार नाहीत. मागणी कितीही वाढो. कला, प्रतिभा, निसर्गप्रेम हे सगळं ठीक, पण टिफनीच्या फुलांच्या दिव्यांची संख्या एका करारातल्या आकड्यानं बांधलेली होती.

क्लाराचा पहिला गाजलेला दिवा 'चतुर'. पावसाळ्यानंतर माळावर घिरट्या घालतो तोच चतुर. शेडच्या कडेनं चतुर डोकी खाली करून उडताहेत, डोळे म्हणजे काचेचे गोल लालभडक मणी. पंखांवरच्या शिरांसाठी तिनं नक्षीदार धातूची बारीक जाळी काचेवर बसवली, त्यामुळे प्रकाश लागला की पंख खरोखर पातळ, पारदर्शक वाटतात. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात हा दिवा गेला आणि त्याला पारितोषिक मिळालं. युरोपात तेव्हा 'आर नूव्हो'ची लाट होती: वेली, फुलं, किडे, लाटा, बाईचे मोकळे केस, सगळं वळणदार. कारखान्यांच्या सरळ रेघांना वैतागलेल्या लोकांना जपानी चित्रांतून नवी नजर मिळाली होती. क्लाराचा चतुर तिथे अगदी घरच्यासारखा वाटला असणार.

मला स्वतःला चतुरापेक्षा विस्टेरियाच आवडतो. चतुरात युक्ती दिसते. विस्टेरियात युक्ती दिसत नाही, कारण निळ्याच्या इतक्या छटा आहेत की डोळा मोजणंच सोडून देतो.

पैशांचं काय? १९०६च्या सुमारास विस्टेरिया दिवा साधारण ४०० डॉलरला विकला जाई. क्लाराचा पगार आठवड्याला ३५ डॉलर. म्हणजे स्वतः आखलेला एक दिवा विकत घ्यायला तिला अकरा आठवड्यांहून जास्त पगार मोडावा लागला असता, जेवणखाण सोडून. गंमत म्हणजे १९०४मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं वर्षाला दहा हजार डॉलर किंवा जास्त कमावणाऱ्या बायकांवर लेख छापला आणि त्यात क्लाराचं नाव होतं. पस्तीस गुणिले बावन्न, तुम्हीच करा. १८२० होतात. तरी त्या काळातल्या नोकरदार बाईसाठी हा पगार चांगलाच होता. ती बोर्डिंग हाऊसमध्ये राही, सायकल चालवी, ऑपेराला जाई.

टिफनीनं तिचं श्रेय चोरलं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पूर्ण पटत नाही. काच त्याची होती, शैलीची दिशा त्याची, आणि प्रत्येक नमुना त्याच्या नजरेखालून जाई. व्यवस्थापनातले लोक खर्चावरून कुरकुर करत तेव्हा तो क्लाराच्या बाजूनं उभा राही, कारण त्याला नफ्यापेक्षा सुंदर वस्तू हवी होती. बापाच्या पैशाचा आधार असलेल्या माणसाला ते परवडतंही. शिवाय क्लाराचं नाव अगदी गुप्त नव्हतं. पॅरिसचं पारितोषिक होतं, वर्तमानपत्रात बातमी होती. पण दुकानात विकलं जात होतं ते एकच नाव, आणि तेच पायावर कोरलं जात होतं. माणसांच्या आठवणी पुसल्या गेल्यावर कोरलेलं तेवढं उरतं.

आणि पुसलं तर जाणारच होतं. पहिल्या महायुद्धानंतर वेलीफुलांची फॅशन ओसरली. सरळ रेघा, चकाकता धातू, साधे आकार यांचा जमाना आला. टिफनीचे दिवे आजीच्या घरातली अडगळ वाटू लागले. १९३२मध्ये टिफनी स्टुडिओजचं दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी लुई टिफनी वारला. कंपनीची बहुतेक कागदपत्रं हरवली. कोणी काय आखलं याचा लेखी पुरावा त्यांच्याबरोबर गेला.

१९३५मध्ये एगॉन आणि हिल्डगार्ड नॉयस्टाट हे ऑस्ट्रियाहून आलेलं जोडपं ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात शिरलं आणि एक दिवा त्यांच्या नजरेत भरला. डॅफोडिल फुलांचा. किंमत साडेबारा डॉलर. पुढे त्यांनी एवढे दिवे जमवले की १९८४मध्ये डॉ. नॉयस्टाट यांनी त्यांतले १३२ न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकले. डॅफोडिल हा क्लाराच्या अगदी सुरुवातीच्या दिव्यांपैकी, बहुधा पहिलाच. साडेबारा डॉलरचा तो व्यवहार झाला तेव्हा क्लारा हयात होती. निवृत्तीनंतर ती रेशमी स्कार्फ रंगवत असे. १९४४मध्ये ती वारली.

१९५०च्या दशकात वारं पुन्हा फिरलं. संग्राहक जागे झाले, प्रदर्शनं भरली, किमती चढू लागल्या. १९९७मध्ये 'गुलाबी कमळ' या टिफनी दिव्याला लिलावात २८ लाख डॉलर आले. तोवर पुस्तकांमध्ये या दिव्यांचा कर्ता म्हणून सर्रास लुई टिफनीच होता.

मग पत्रं सापडली. क्लारा घरापासून लांब होती आणि आई-बहिणींना सतत लिहायची. पत्र एकीकडून दुसरीकडे फिरायचं, वाचून झालं की पुढच्या घरी. आजचा फॅमिली ग्रुप समजा, फक्त टपालानं चालणारा. त्यात बोर्डिंग हाऊसमधली माणसं, सायकल, नवे कपडे, आणि या सगळ्याच्या मधे ऑफिस: आज कुठला दिवा काढला, साहेब काय म्हणाले, हिशेबवाल्याशी कसं वाजलं. ऑफिसचा दिवस घरी सांगावा तसं. म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. इतिहासात स्वतःची जागा पक्की करायला तिनं ते लिहिलंच नव्हतं. या पत्रांचा एक भाग ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात होता, दुसरा न्यूयॉर्कच्या क्वीन्स हिस्टॉरिकल सोसायटीत. २००५च्या सुमारास मार्टिन आयडेलबर्ग आणि नीना ग्रे हे दोन अभ्यासक वेगवेगळ्या वाटांनी या दोन ढिगांपाशी पोचले. दोन्ही ढीग जोडल्यावर दिव्यांची कुळकथाच बदलली. मार्गारेट हॉफर यांच्यासोबत त्यांनी २००७मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत प्रदर्शन भरवलं, ते क्लारा आणि 'टिफनी गर्ल्स' यांच्या नावानं. आता लिलावाच्या कॅटलॉगमध्येही विस्टेरियाखाली आरेखक म्हणून क्लारा ड्रिस्कोल असं छापतात.

त्या पत्रांतून आणखी काही नावं वर आली. अ‍ॅलिस गूव्ही, लिलियन पाल्मिए. खिडक्या आखणारी अ‍ॅग्नेस नॉर्थरॉप आधीपासून थोडी माहीत होती. पण क्लाराच्या टेबलापलीकडे वीस-पंचवीस जणी तक्ता उजेडासमोर धरून पाकळी शोधत बसलेल्या असायच्या. एकाच आराखड्यावरून केलेले दोन विस्टेरिया दिवे शेजारी ठेवले तर ते सारखे दिसत नाहीत. एक गडद निळ्याकडे झुकतो, दुसऱ्यात पांढरट जांभळा जास्त. आराखडा तोच, साचा तोच, भट्टी तीच. फरक पडला तो निवडणारीच्या डोळ्यांमुळे.

फ्लोरिडातल्या विंटर पार्कमध्ये मॉर्स म्युझियम आहे. तिथे १९०४-०५च्या सुमाराचा एक फोटो आहे. टिफनी स्टुडिओजच्या गच्चीवर या मुली उभ्या आहेत, लांब स्कर्ट घातलेल्या, काम थोडा वेळ थांबवून वर आलेल्या. युनियनशी झालेल्या कराराला तेव्हा एक-दोन वर्षं होऊन गेली होती. खाली टेबलांवर काच तशीच पडलेली असणार.